मागं जबडा, पुढं दोन कड्या

किनवटात मला ज्यानं त्यानं विचारलं, एवढ्या लांब जीप घेऊन गेलात आणि आणलं काय, तर दगड? आपल्याकडं काय दगड कमी आहेत? प्रत्येकाला उभ्यानं सांगता सांगता चहा गार होतो. म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी चौथी शिकलो, पुढं जन्मभर सागवानाचे ट्रक चालवले. अक्षर वाकडं आहे, पण रस्ता सरळ सांगेन.

बायको वारली त्याला दसऱ्यानंतर वरीस होणार होतं. आम्ही लिंगायत, आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात. तिला आमच्याच शेताच्या बांधाला, मोहाच्या झाडापाशी बसवली. बाईला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. ते तिचा भाऊ मल्लप्पा लातूरहून घेऊन आला. हिरवं होतं, चांगलं होतं. पण पिशवीवर दुकानाचं नाव होतं, आणि ते काही माझ्या डोक्यातून जाईना. तिचं माहेर औसा तालुक्यात. भूकंपात ते गाव सपाट झालं, माणसं दूर नव्या गावात वसवली, जुनं गाव तसंच पडून राहिलं. मी म्हटलं, हिला माहेरचं म्हणून दुकानातलं मिळालं, आता खरंच माहेरचं काही तरी आणून हिच्यापाशी ठेवायचं. तिच्या घराचा उंबरा. लग्नात तोच ओलांडून ती माझ्याकडं आली. तो दगड वर्षाच्या दिवशी समाधीवर बसवायचा. मठाच्या स्वामींना विचारलं, ते म्हणाले बसवा. संपलं.

माझी जीप जुनी, फोर-व्हीलची. भूकंपाच्या वेळी कोण्या संस्थेनं मदतीला आणलेली, काम सरल्यावर लिलावात निघालेली. दारावरचं नाव अजून खरवडलेलं दिसतं. पोरगा पुण्याला असतो. तो म्हणतो, जीप विकून टाका. मी म्हणतो, आधी मला विक. मग तो फोन ठेवतो.

दगड आणायचा तर ट्रॉली पाहिजे. ट्रॉली मी लाकडाच्या डेपोतल्या ओळखीच्या माणसाकडून मागून घेतली. पण ती ओढायला जीपला मागं हुक पाहिजे, आणि मूळचा हुक लिलावाआधीच कोणी तरी कापून नेलेला. म्हणून प्रवासातलं पहिलं काम हुक. ट्रॉली एका रिकाम्या ट्रकावर टाकून पुढं नांदेडला पाठवली आणि मी जीप घेऊन निघालो.

नांदेड

खरं सांगतो, जंगल मागं पडलं तसा मी गाऊ लागलो. मला गाता येत नाही. बायको असती तर म्हणाली असती, इंजन ऐकू द्या. वरीसभर घरात मी ताटात बघून जेवत होतो आणि भिंतीला बघून झोपत होतो. पण हाताला स्टिअरिंग लागलं, उजवीकडं आगगाडीची लाईन लागली, आणि उगाच हसू यायला लागलं. लाईनवरच्या एका गेटमननं हात केला तर मी त्याला दोनदा हॉर्न दिला.

देगलूर नाक्यावर खाजाभाईचं गॅरेज आहे. ट्रकाच्या दिवसांपासूनची ओळख. दाढी पांढरी झाली, पण आवाज तसाच, शेजारच्या दुकानालाही ऐकू जाणारा. त्यानं जमिनीवर पोतं पसरलं आणि त्यावर तीन हुक मांडले. लग्नाला मुली दाखवतात तसे.

"चाचा, हा गोळा बघा," तो म्हणाला. "बाहेरून आलेला माल हाय. ट्रॉलीचं तोंड वरून ठेवायचं, टप्. आवाज नै, धक्का नै. साहेब लोकं हेच लावतेत."

गोळा दिसायला लई देखणा. चकचकीत, बोरासारखा गुळगुळीत. मी विचारलं, "ह्याला तार बांधून दगड ओढता येईल का?"

"कैकू नै? लोखंड हाय."

मी म्हटलं, नको. डेपोत एकानं असाच गोळा लावून चिखलातला ओंडका ओढला होता. गोळा मानेपासून तुटला, तोफेसारखा उडाला आणि समोरच्या हॉटेलातल्या चहाच्या पातेल्यात जाऊन पडला. माणूस कोणी मेला नाही, पण त्या दिवशी सगळ्या डेपोला चहा मिळाला नाही. गोळा ट्रॉलीसाठी आहे. अडकलेल्या वस्तूला हिसका द्यायला तो नाही.

दुसरा होता वरून उघडा हुक, शेतातल्या ट्रॉल्यांना असतो तसला. तो मलाच पसंत नव्हता. आपल्या रस्त्यांवर खड्डा आला की ट्रॉली त्यातून उडी मारून रस्त्याच्या कडेला बसते आणि जीप पुढं निघून जाते.

तिसरा जबडा. वर एक ओठ, खाली एक ओठ, मध्ये ट्रॉलीची कडी घालायची आणि वरून जाड पिन सोडायची. खडखड लई करतो. पण सोडत नाही. तारही त्यातच अडकवता येते.

"हा द्या," मी म्हणालो.

"आवाज करीन, चाचा."

"घरात आवाजच राहिला न्हाई खाजाभाई, गाडीत असू दे."

त्यानं मान हलवली आणि कामाला लागला. जबडा जाड पट्टीवर, पट्टी मागं चासीच्या दोन्ही दांड्यांना बोल्टनं आवळलेली. उंची अशी धरली की ट्रॉली सपाट चालावी, नाक वर नाही आणि खाली नाही. पिन हरवू नये म्हणून साखळी. हे सगळं झाल्यावर तो जीपच्या पुढं जाऊन उभा राहिला.

"अन् म्होरं?"

"म्होरं काय?"

"म्होरं कडी लावून देतो की. फसलात तर ओढायला."

"मी फसत न्हाई."

"सगळेच असं म्हणतेत. मागं तुम्ही दुसऱ्याला ओढायचं सामान केलं. तुम्हीच फसलात तर तुम्हाला धरायचं कुठं?"

"बंपर हाय की."

त्यानं बंपरकडं बघितलं. दसऱ्याला बायको बंपरवर कुंकवाची पाच बोटं ओढायची. मागच्या दसऱ्याची फिकी पडली होती, पण होती. मी जीप धुतो तेव्हा तेवढी जागा सोडून धुतो. खाजाभाईला ते समजलं असेल किंवा नसेल, त्यानं पान्हा खाली ठेवला. त्यानं माझ्यासाठी शेजारच्या शाकाहारी हॉटेलातून भजी मागवली आणि आम्ही ती पोत्यावर बसून, उरलेल्या दोन हुकांच्या शेजारी खाल्ली.

चाल बघायला म्हणून ट्रॉली जोडून मी विष्णुपुरीपर्यंत गेलो. धरण भरलेलं होतं, गोदावरी पसरून बसली होती. जाताना सगळं झकास. परत फिरायचं म्हणून रिव्हर्स टाकला आणि मग कळलं की ट्रकाची सगळी अक्कल इथं उलटी चालते. मी डावीकडं वळवतो तर ट्रॉली उजवीकडं. मी उजवीकडं वळवतो तर ती आणखीच उजवीकडं. कॉलेजची पोरं चहा टाकून बघायला आली. सगळीच इंजिनेर होणार होती, त्यामुळं प्रत्येकाचं मत वेगळं.

"आजोबा, राईट काटा."

"राईट न्हाई रे, लेफ्ट. आजोबा, ह्याचं ऐकू नका, ह्याचे दोन विषय राहिलेत."

शेवटी जीप आणि ट्रॉली अडकित्त्यासारखी मिटली. मध्ये सुपारीच्या जागी मी. पोरांनी पिन काढली, ट्रॉली हातानं फिरवली आणि टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

अहमदपूर

मल्लप्पाची लातूरला खानावळ आहे. त्यानं फोनवर सांगितलं होतं, दाजी, ट्रॉली मोकळी आणू नका, अहमदपूरच्या मोंढ्यातून माझी ज्वारी आणि तुरीची डाळ घेऊन या. मी मोंढ्यात ट्रॉली लावली. हमालांनी पोती टाकली ती सगळी मागच्या फाळक्यापाशी. का, तर उतरवायला सोपी. मी तोवर बसस्टँडसमोर सुशीला खात होतो. चुरमुऱ्यांची सुशीला किनवटातही होते, पण इथं शेंगदाण्याचं कूट सढळ टाकतात. दुसरी प्लेट मागवली.

गावाबाहेर वेग घेतला तशी ट्रॉली मागून झुलायला लागली. आधी थोडी, मग जीपलाच इकडून तिकडं फेकू लागली. मागून येणारी एसटी शेजारी आली आणि खिडकीतली एक म्हातारी ओरडून म्हणाली, "आवो बाबा, तुमचं शेपूट हलायलंय."

मी हळूच वेग सोडला, कडेला घेतलं, ब्रेकला पाय लावला नाही. ब्रेक दाबला असता तर अडकित्ता पुन्हा मिटला असता. मग एकट्यानं पोती ओढून पुढं आणली. ट्रॉलीचं नाक थोडं जड पाहिजे, जबड्यावर थोडा भार पाहिजे, मग ती मुकाट मागं येते. एकेका पोत्याला एकेक शिवी दिली. पण त्यानंतर लातूरपर्यंत ट्रॉली अशी चालली, जशी नवी नवरी.

लातूर

मल्लप्पा माझ्यापेक्षा लहान आणि माझ्या दुप्पट जाड. भूकंपात त्याचं घर गेलं, आई गेली. तो लातूरला आला आणि पत्र्याच्या चार खोल्या बांधल्या. पुढं लातुरात शिकवण्यांचं पीक आलं. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला इथं यायला लागली, आणि मल्लप्पाच्या खोल्या भरल्या त्या भरल्याच. त्यानं आणखी बांधल्या, त्याही पत्र्याच्या. सिमेंटचा स्लॅब टाकायची ऐपत आहे, पण तो म्हणतो, डोक्यावर जड काही नको.

"दाजी," तो रस्त्यावरूनच ओरडला, "जीप हाय का वरात? खडखड ऐकून मला वाटलं बँड आला."

"तुझी डाळ हाय. उतरवून घे, न्हाई तर परत नेतो."

"न्या की. किनवटात कोण खातंय डाळ, तुम्ही तर मोहावर जगता."

त्याची बायको नीलाबाई हसत आत गेली आणि येसर आमटी, ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी घेऊन आली. वरीसभरात मी तिसरी भाकरी पहिल्यांदा मागितली. नीलाबाईनं गरम बघून वाढली.

लातूर बघण्यासारखं आहे. चौकाचौकात पोरांच्या चेहऱ्यांचे फलक. आमच्याकडं असे फलक पुढाऱ्यांचे असतात. इथं चष्मेवाली पोरं, त्यांच्या डोक्यावर मार्क. पहाटे आमच्याकडं कोंबडा आरवतो, इथं पोरं आरवतात. भिंतीकडं तोंड करून, डोळे मिटून, बेडकाच्या पोटात काय काय असतं ते मोठ्यानं म्हणतात. एका खोलीत बेडूक, शेजारच्या खोलीत पेंडुलम.

जेवताना मल्लप्पानं विचारलं, "दगड दगड म्हणता, पण कोणता?"

"तुमच्या दाराचा उंबरा."

त्याचा घास हातातच राहिला. मग म्हणाला, "जड हाय तो."

"म्हणून तर जीप आणली."

"बघू. तिथं गेल्याव बघू."

जुनं गाव, पहिली खेप

जुन्या गावात आता गवत आणि बाभळी. मध्ये मध्ये दगडांचे ढीग. आमच्याकडं पडक्या घराचा दगड दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या भिंतीत दिसतो. इथं इतकी वर्षं झाली, पण घडीव, सरळ, सुंदर काळे दगड जसेच्या तसे पडलेत. कोणी हात लावत नाही. नव्या गावात बांधाला दगड पाहिजे असला तरी लोक दुरून विकत आणतात. त्या दगडांनी घरोघरची माणसं घेतली आहेत.

परतीचा पाऊस होऊन गेलेला. काळी माती वरून वाळलेली दिसत होती, आत लोणी. मी ट्रॉली डांबरी रस्त्यावर सोडली आणि जीप एकटी आत घातली. मल्लप्पा म्हणाला, दाजी, पायी जाऊन बघू. मी म्हणालो, फोर-व्हील हाय, फसत न्हाई. पांदीतून घराच्या जवळ पोचलोच होतो, आणि जीप पोटावर बसली. चारी चाकं फिरतात, जीप जागची हलत नाही. म्हशीनं चिखलात बसकण मारावी तशी.

मल्लप्पा खाली उतरला, गुडघ्यापर्यंत आत गेला, चप्पल चिखलानं ठेवून घेतली. "फसत न्हाई म्हणला होता ना तुम्ही?"

"तुझ्या वजनानं फसली."

नव्या गावातला नागनाथ ट्रॅक्टर घेऊन शेताला निघाला होता. मल्लप्पानं त्याला बोलावलं. भला माणूस, पण त्याच्या ट्रॅक्टरवर टेप, आणि टेप असा की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येऊ नये. त्यानं तार टाकली. मल्लप्पानं विचारलं, "कुठं बांधू?" मी बंपर दाखवला. त्यालाही ते बरोबरच वाटलं. तिथं कुंकू होतं. आपल्यात हेच असतं. ज्याला हळदकुंकू लावतो तेच बळकट असं धरून चालतो. औताची, मापाची, चुलीची पूजा करतो आणि ती बळकट असतातही. बंपर मात्र नुसता पत्रा होता, चार जुन्या बोल्टांवर टांगलेला.

नागनाथनं हिसका दिला. कडाड आवाज झाला. ट्रॅक्टर निघाला, तार निघाली, बंपर निघाला, जीप तिथंच. नागनाथला काही पत्ता नाही. गाणं चालू, मान डोलते आहे, आणि मागं आमचा बंपर उड्या मारत चालला आहे, लिंबू-मिरचीसकट. आम्ही दोघं म्हातारे चिखलातून हाका मारतो आहोत. पांदीच्या वळणापर्यंत तो बंपर घेऊन गेला.

मी संतापलो होतो. तिची पाच बोटं त्याच्यावर होती. मल्लप्पाला दोन शिव्या दिल्या, तिसरी देणार तेवढ्यात तो खाली बसला. चिखलातच बसला. पोट धरून हसायला लागला, आवाज न करता, नुसता हलत.

"दाजी, बंपर सासरी चालला."

मग मलाही राहवेना. नागनाथ परत आला तेव्हा दोन म्हातारे चिखलात बसून हसताना बघून तो ट्रॅक्टरवरून उतरेचना. त्याला वाटलं, ह्यांना काही तरी झालं.

चाकाखाली दगड घालावेत असं कोणी म्हणालं नाही. तुराट्यांच्या पेंढ्या आणल्या, फावड्यानं चर काढले, गावचे चौघे-पाच जण आले, ढकलून जीप मागं काढली. बंपर ट्रॉलीत टाकला. तो वाकला होता, पण बोटं शाबूत होती. संध्याकाळी आम्ही लातूरला आलो तेव्हा नीलाबाईनं दोघांना दारातच थांबवून नळीनं धुतलं, जनावरं धुतात तसं.

लातूर, पुन्हा

खाजाभाई नांदेडला, मी लातुरात. म्हणून वेल्डर शोधला. लातुरातले वेल्डर पूर्वी काय करत माहीत नाही, आता सगळे लोखंडी पलंग करतात. पोरांच्या खोल्यांसाठी, एकावर एक. आमच्या वेल्डरच्या दुकानात पलंगांचा डोंगर होता. त्यानं जीपकडंही पलंगासारखंच बघितलं.

"बंपरच परत लावतो अन् त्यालाच कडी मारून देतो, वेल्डिंग करून. खट्ट बसंल."

"बंपरला कडी नको. चासीला पाहिजे."

"एकच मधोमध?"

"दोन. दोन्ही दांड्यांना एकेक. अन् वेल्डिंग नको. बोल्ट."

"काका, माझ्या वेल्डिंगवर दोन पोरं झोपतेत."

"झोपतेत. ओढत न्हाईत."

तो थोडा रुसला, पण माणूस समजूतदार. जुन्या ट्रकाच्या चासीतून कापलेली जाड पट्टी आणली, आतून आधाराची दुसरी पट्टी दिली, उष्णता न लावता भोकं पाडून बोल्ट आवळले. कड्यांना कुठं धार ठेवली नाही, पट्टा कापू नये म्हणून घासून गोल केल्या. प्रत्येक कडीत पट्टा अडकवायला घोड्याच्या नालासारखी लोखंडी शकल, आडव्या स्क्रूवाली. लोखंडी तार मी आता घेणार नव्हतो. तार तुटली की चाबकासारखी येते. एका ट्रान्सपोर्टवाल्याकडून रुंद नायलॉनचे पट्टे घेतले. दोन्ही कड्यांत एकाच पट्ट्याचं एकेक टोक, मधल्या जागी ट्रॅक्टर. म्हणजे ओढ दोन्हीकडं वाटून बसेल.

वेल्डर म्हणाला, पट्टा आखूड धरा, ताकद चांगली लागते. जेवणाच्या वेळी मी हेच मल्लप्पाला सांगत होतो. शेजारच्या पाटावर किनवटकडचीच एक मुलगी होती, डॉक्टर व्हायला आलेली. ती आमटी ओरपता ओरपता म्हणाली, "उलटं हाय, आजोबा. लांब ठेवा. आखूड ठेवला की कोन रुंद होतो, मग दोन्ही कड्या एकमेकींकडं ओढल्या जातेत, गाडी पुढं ओढायला जोर कमी पडतो." तिनं ताटातल्या चटणीत बोटानं रेघा काढून दाखवलं आणि मग ती चटणी खाऊन टाकली. मी पट्टा लांब घेतला. मल्लप्पा म्हणाला, दाजी, ह्या पोरीची फी आता तुम्हीच भरा.

बंपर ठोकून सरळ केला आणि शोभेला परत लावला. दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी मी पूजेचं ताट घेऊन जीपपाशी गेलो. बंपरला हात लावला नाही, तिथं तिची बोटं आहेत. दोन्ही कड्यांवर मी माझी ओढली. वाकडी आली. पुरुषाच्या हाताला ते वळण नाही.

जुनं गाव, दुसरी खेप

दसरा झाल्यावर परत गेलो. मधल्या उन्हानं माती थोडी आवळली होती. ह्या वेळी जीप बाजूनं, टणक जागेवरून नेली. नागनाथला आधीच सांगून ठेवलं होतं, आणि अट घातली होती की टेप बंद. गवत कापलं, माती उपसली, आणि उंबरा दिसला. काळा, मधोमध झिजलेला. इतक्या पायांनी झिजलेला, तिच्याही. मी पट्टा घेऊन वाकलो.

मल्लप्पा पहारीवर हात टेकून उभा होता. "दाजी, जरा थांबा."

"काय झालं?"

"आईला मी हितंच काढली. ती भाईर निघाली होती. एक पाय ह्या दगडाच्या अल्याड, एक पल्याड. वरून चौकट आली."

मी उभा राहिलो.

"अक्काला मी सांगितलं, आई झोपेतच गेली. अक्का शेवटपर्यंत तेच धरून होती. आता हा दगड तुम्ही तिच्या डोक्याव नेऊन ठेवणार?"

"लातुरातच का न्हाई बोललास?"

"तुम्ही हुकाचं एवढं मन लावून करून राहिला होता. वरीसभरानं तुम्हाला हसताना बघायलो. कोणत्या तोंडानं सांगू?"

मी पट्टा खाली टाकला. मागं जबडा, पुढं दोन कड्या, कुंकू लावलेली जीप तयार उभी, आणि ओढायला काही नाही. वर्षाचा दिवस तोंडावर आलेला. उंबऱ्यावर आम्ही माती परत लोटली, दोघांनी मिळून, हातानं. मग बाभळीखाली जाऊन बसलो. नीलाबाईनं धपाटे दिले होते. मल्लप्पानं पुढं केलं, मी घेतलं नाही. त्यानं माझ्या गुडघ्यावर ठेवलं. मग खाल्लं.

धपाटं संपवून हात पुसायला तो उठला, गवतात चार पावलं गेला आणि थांबला. "आयला. ही बघा माझी दुश्मन."

गवतात दगडाची कड दिसत होती. जनावरांना पाणी पाजायची डोणी, अख्खा दगड कोरून केलेली. काठापर्यंत मातीत गाडलेली.

"शाळेतनं आलो की अक्का हितं उभी. मानगूट धरायची अन् मुंडकं आत. डोकं धुतल्याबिगर भाकर न्हाई. मी लाथा झाडायचो, ती म्हणायची, अजून एकदा, कानामागं राहिलंय."

मी विचारलं, "हिच्यापाशी कोणी मेलं का?"

"मी मेलो असतो, बऱ्याच वेळा." मग त्याला मी काय विचारतो आहे ते कळलं, आणि तो गंभीर झाला. "न्हाई दाजी. हिनं कुणाला न्हाई मारलं. पाणीच पाजलं. बैलाला, शेळीला, वाटसरूला."

आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि एकदमच उठलो.

डोणीभोवती माती उपसली, पट्टा फिरवला, जबड्यात घातला, पिन सोडली. पट्ट्यावर ओलं पोतं टाकलं, तुटला तर उडू नये म्हणून. बघ्यांना लांब केलं. फोर-व्हीलचा दांडा टाकला, बारका गिअर टाकला. डोणी हलली, वीतभर आली आणि जीपनं पुन्हा माती खायला सुरुवात केली. मी लगेच थांबलो. ह्या वेळी कोणाला काही सांगावं लागलं नाही. नागनाथनं ट्रॅक्टर पुढं आणला, मल्लप्पानं दोन्ही कड्यांत शकला घातल्या, पट्टा लांब ठेवला.

नागनाथ निघाला. हिसका नाही, हळू. पुढून ट्रॅक्टर मला ओढत होता, मागं मी डोणीला ओढत होतो, आणि मी मध्ये बसून नुसतं स्टिअरिंग धरून हसत होतो. जन्मभर मी दुसऱ्याचा माल ओढला. आपल्याला कोणी ओढून नेण्यात एवढी मजा असते हे मला माहीतच नव्हतं. मातीनं मोठ्यानं मुका घेतल्यासारखा आवाज केला आणि डोणी बाहेर आली. तिच्या जागेवरून एक बेडूक उडाला. मल्लप्पा ओरडला, "दाजी, धरा, लातूरला न्यायचाय, पोरं शोधायलीत."

फळ्या टाकून, पहारी लावून, गावच्या माणसांनी डोणी ट्रॉलीत चढवली. इतकी वर्षं त्या गावातला दगड कोणी उचलला नव्हता. आधी दोघं तिघं दूरच उभी होती. डोणी आहे म्हटल्यावर तीही आली. एका बाईनं बोटानं काठ पुसला आणि म्हणाली, "आमच्या म्हशीबी हितंच प्याच्या." मी डोणी ट्रॉलीत जरा पुढं सरकवून घेतली. नाक जड पाहिजे.

किनवट

मल्लप्पा माझ्याबरोबर किनवटापर्यंत आला. नांदेडला खाजाभाईनं पुढच्या कड्या बघितल्या, वाकून बोल्ट बघितले, उठला आणि भजी मागवली. 

वर्षाच्या दिवशी डोणी मोहाच्या झाडाखाली बसवली, समाधीच्या पायाशी. तळाचं पाणी सोडायचं भोक मल्लप्पानं चिंधी आणि मेणानं बुजवलं, जसं त्याची आई बुजवायची म्हणे. स्वामींनी पूजा केली, शेजारपाजार जेवून गेलं. मग आम्ही विहिरीवरून पाणी आणून ती काठोकाठ भरली. लगेच कोणाची तरी शेळी आली आणि परवानगी न विचारता प्यायली.

शेळी गेली. मल्लप्पानं टोपी काढली, धोतर सावरलं, आणि एवढा मोठा माणूस गुडघ्यावर बसून डोणीत वाकला. मुंडकं आत घातलं. मी बघत राहिलो. बराच वेळ ठेवलं. वर आला तेव्हा नाकातोंडातून पाणी, मिशा लोंबलेल्या. हातानं कानामागं चोळलं.

"दाजी," तो म्हणाला, "आता तुमची पाळी."

मी चष्मा काढला आणि जीपच्या बॉनेटवर ठेवला.